बायनाबाईंना विचारून

१२ जुलै १९९३
सेवाश्रम, बोरी-जिंतूर रस्ता

आदरणीय अंबिकाताई यांस,

आपल्या पत्रद्वारा सेविका वर्गाचा पहिला धडा औरंगाबादहून पोहोचला. मी कावेरी बन्सीधर, वय एकतीस, दहावी नापास, राहणार बोरी. या आश्रमात चार वर्षांपासून सेविका आहे. इथे म्हातारी आणि अपंग मिळून चोवीस माणसे आहेत, त्यांपैकी बायांच्या खोलीत अकरा. दिवसा मी आणि मनकर्णा, रात्री एक सेविका, फाटकावर आश्रुबा आणि सर्वांवर व्यवस्थापक अनंतराव. अनुदानासाठी एक तरी सेविका शिकलेली दाखवावी लागते, म्हणून त्यांनी माझे नाव आपल्याकडे दिले.

स्वाध्यायात आपण म्हटले आहे की एक माणूस निवडा, त्याचा आजार लिहू नका, माणूस लिहा. मी श्रीमती बायनाबाई यांना निवडले आहे. वय सुमारे सत्तर, गाव ताडकळस. लकव्याने उजवी बाजू गेली आहे आणि बोलणेही गेले आहे. तोंडातून 'चल' एवढा एकच शब्द येतो. आजार लिहू नका असे आपण बजावले आहे, पण तो सोडून त्यांच्याविषयी काय लिहावे ते मला सुचले नाही. मुलगा आबासाहेब, शेतीभाती चांगली आहे, महिन्याला भेटून जातात. बायनाबाईंना वेळेवर जेवण, वेळेवर औषध आणि स्वच्छ अंथरूण मिळते. त्या समाधानी आहेत.

हे पत्र अनंतरावांनी वाचले असून ठीक आहे असे सांगितले आहे.

आपली विद्यार्थिनी,
कावेरी


८ ऑगस्ट १९९३
बोरी

अंबिकाताई,

हे पत्र मी गावातल्या पेटीत टाकते आहे. याचं उत्तर आश्रमाच्या पत्त्यावर धाडू नका, तिथं आलेलं प्रत्येक पाकीट अनंतराव फोडतात. घरचा पत्ता खाली दिला आहे.

माझ्या पहिल्या स्वाध्यायावर तुम्ही लाल शाईनं एकच ओळ लिहिली होती. बायनाबाई दिवसभर काय करतात? अनंतरावांनी ती वाचली आणि मला म्हणाले, लिही, भजन ऐकतात. मी तसं लिहून पाठवलं. तुम्हाला ते मिळालं असेल. ते खोटं आहे. बायनाबाई दिवसभर बांधलेल्या असतात.

जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आम्ही फाडून ठेवल्यात. एक कमरेवरून बाजेच्या दोन्ही बाजूंना, आणि एक डाव्या मनगटाला. डावाच हात चालतो, म्हणून डावाच बांधायचा, नाहीतर त्या गाठ सोडतात. जेवण भरवताना मनगट सोडते, झालं की बांधते. अंगाखाली मेणकापड आणि चिंध्या असतात. संध्याकाळी घरी जाताना मी बोट घालून बघते की पट्टी फार आवळली तर नाही. हे मी मनापासून करते. त्याला मी आजवर काळजी म्हणत होते.

आता दुसरं सांगते, तेही कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याकडं सरजाबाई होत्या. चांगल्या हिंडत्या फिरत्या. एक दिवस म्हणाल्या, माझी मी आंघोळ करते, तू जा. मी गेले. दोरीवर कपडे टाकत होते तेव्हा आवाज आला. भरलेली घागर ठेवताना हातातून निसटावी तसा. खुब्याचं हाड मोडलं होतं. अकरा दिवसांनी त्या गेल्या. अनंतरावांनी वर लिहून दिलं की न्हाणीत पाय घसरला. मला कुणी काही विचारलं नाही, आणि त्याचीच मला अजून भीती वाटते. कधीतरी कुणी विचारील. घरी माझ्या मालकांनासुद्धा मी तो दिवस सांगितलेला नाही.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पट्ट्या फाडल्या. अनंतरावांनी सांगण्याआधी, माझ्या हातानं. त्याच सुमारास आलेल्या बायनाबाईंना आधी, मग आणखी पाच जणींना बांधायला लागलो. त्यानंतर एकही बाई पडलेली नाही, ताई. हेही खरं आहे.

तुम्ही दुसऱ्या धड्यात लिहिलं आहे, बांधणं हा उपाय नसून आपली भीती असते. तुम्ही औरंगाबादला बसून लिहिता. इथं माणूस पडलं की आवाज मला येतो.

रागानं लिहिलं असेल तर माफ करा.

कावेरी


१२ सप्टेंबर १९९३
बोरी

अंबिकाताई,

तुम्ही रागावला नाहीत. उलट सरजाबाईंविषयी विचारलंत, त्या कशा होत्या म्हणून. मला रडू आलं, कारण त्यांच्याविषयी मला पानभर लिहिता आलं असतं आणि जी बाई रोज समोर असते तिच्याविषयी चार ओळी आल्या नव्हत्या.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. आठ दिवस बायनाबाई 'चल' म्हणाल्या की घड्याळात बघून कॅलेंडरच्या मागं वेळ लिहीत गेले. आम्ही सगळे धरून चाललो होतो की त्यांना ताडकळसला घरी जायचंय. म्हणून तो शब्द आला की आम्ही म्हणायचो, हां, जाऊ, आबासाहेब आले की जाऊ. त्या पट्टी ओढायला लागायच्या आणि आम्ही म्हणायचो, आज बेचैन आहेत.

आठ दिवसांच्या वेळा मी मनकर्णाला दाखवल्या. सकाळच्या चहानंतर, दुपारच्या जेवणानंतर, दिवेलागणीच्या आधी. मनकर्णानं कागद बघितला आणि खाली ठेवला. म्हणाली, "कावेरीबाई, ही परसाकडं चल म्हणायलीय."

दीड वर्ष, ताई. दिवसातून तीनदा ती बाई आम्हाला सांगत होती की मला संडासला न्या, मला अंथरुणात करायला लावू नका. आणि आम्ही तिला गावाच्या गोष्टी सांगत होतो.

आमचा संडास अंगणाच्या पार टोकाला आहे, खोलीच्या दारापासून चाळीस पावलं. अनंतराव तालुक्याला गेले होते त्या दिवशी मी गाठी सोडल्या. एका बाजूनं मी, एका बाजूनं मनकर्णा. बायनाबाईंचं उजवं पाऊल जमिनीवरून फरफटत येत होतं. प्रत्येक पावलाला मला वाटायचं, आता गेलं, आता वजन सुटलं. माझी चोळी घामानं भिजली. अर्ध्या वाटेत त्या थांबल्या, तेव्हा मी म्हणाले, चला परत फिरू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं पाऊल टाकलं. पोहोचलो. मी आत त्यांना धरून उभी राहिले. परत येऊन बाजेवर बसल्या तेव्हा त्यांनी स्वतःच्या डाव्या हातानं पदर सारखा केला. तो हात कामात मी कधी बघितलाच नव्हता.

आता अनंतराव नसतात तेव्हा नेते. असतात तेव्हा बांधते. आश्रुबा फाटकावरून खोकतो, ते आले असं समजायचं. एकदा उशीर झाला आणि त्यांनी आम्हाला अंगणात पाहिलं. ओरडले नाहीत. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, सरजाबाईच्या वेळेला मी सांभाळून घेतलं, दुसऱ्यांदा सांभाळणार नाही, ही पडली तर तुझ्या नावावर पडली. त्यांचाही चेहरा उतरला होता. ते मला धमकावत होते की त्यांनाच भीती वाटत होती, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

कावेरी


१७ ऑक्टोबर १९९३
बोरी

अंबिकाताई,

किल्लारीकडची बातमी तुम्हाला ठाऊक आहे. त्या पहाटे आमच्याकडंही भांडी वाजली. माणसं सगळी वाचली, पण आश्रमाच्या बायांच्या खोलीला छतापासून खिडकीपर्यंत भेग गेली. बोट जाईल एवढी. तेव्हापासून गावात घरात कुणी निजत नाही. रोज कुणीतरी सांगतं की अमुक वारी मोठा धक्का आहे. माझे सासरे वावरातच राहायला गेलेत.

आश्रमातलं मात्र उलटं झालं. पहिल्या धक्क्याला दोन म्हातारे धावपळीत पायरीवर आपटले, म्हणून अनंतरावांनी ताकीद दिली की जे उठून चालतील अशी शंका आहे त्या सगळ्यांना बांधायचं. आणि कचेरीच्या भिंतीची त्यांना भीती, म्हणून टेबल-खुर्ची बाहेर अंगणात मांडली, बरोबर बायांच्या खोलीच्या दारासमोर. तिथंच दिवसभर बसायचे. म्हणजे आम्ही सगळे आभाळाखाली आणि बांधलेली माणसं भेगाळल्या भिंतीच्या आत. तुम्हाला कसं वाटलं असतं मला माहीत नाही. मला काही वाटलं नाही. बाहेर असल्याचं बरं वाटत होतं.

आठ तारखेला, शुक्रवारी, दुपारी मी बायनाबाईंना भरवत होते. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. मनगटाची पट्टी सोडायला हवी होती, पण आता जेवतानाही सोडायचं नाही म्हणणारे अनंतराव समोर बसलेले, म्हणून त्या बांधलेल्या असतानाच भरवत होते. ताटली हलली. आधी वाटलं माझाच हात. मग बाजेचे पाय फरशीवर कुरकुरले आणि भेगेतून माती गळाली, बायनाबाईंच्या उशीवर.

मी पळाले.

हे वाक्य चारदा लिहून खोडलं. आता राहू देते. मी ताटली टाकली आणि पळाले, अंगण ओलांडून फाटकापर्यंत. धक्का हलका होता, आपोआप थांबला. मी जमिनीवर उभी होते आणि मला माहीत होतं की ती आत बांधलेली आहे, गाठ मी मारली आहे. पाय हलेनात. मनकर्णा आतच होती. ती पळाली नव्हती, शेवटच्या बाजेशी कुणाला तरी सोडवत होती. आश्रुबा माझ्या अंगावरून आत गेला. साठीचा माणूस. मी किती वेळ उभी राहिले ते सांगता येणार नाही. अनंतरावही माझ्याशेजारीच उभे होते. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

मी आत गेले तेव्हा बायनाबाईंच्या केसांत माती होती. डावं मनगट ओढून ओढून सोललं होतं, पट्टीला रक्त लागलं होतं. मी गाठ सोडली. त्या माझ्याकडं बघत होत्या. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

त्या दिवसापासून त्या मला 'चल' म्हणत नाहीत. चहानंतर मी जाते, उभी राहते, विचारते, जायचं का? त्या भिंतीकडं तोंड करतात आणि अंथरूण ओलं करतात. नऊ दिवस झाले.

तुमच्या सहाव्या धड्यात आहे की आपली चूक झाली तर ती त्या माणसाला सांगा, वरिष्ठांना सांगण्याआधी. मी काल बाजेशी बसून सांगितलं. म्हणाले, बायनाबाई, मी तुम्हाला बांधून पळाले. मला जिवाची भीती वाटली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

काल मी सगळ्या पट्ट्या चुलीत घातल्या. अनंतराव बघत होते. मी म्हणाले, बांधायचं असेल तर तुम्ही बांधा, मी बांधणार नाही. ते खुर्ची उचलून पलीकडं गेले. आज उद्या मला काढतील असं वाटतं. काढलं तर दहावी नापास बाईला दुसरं काम कोण देणार?

कावेरी


२८ नोव्हेंबर १९९३
बोरी

अंबिकाताई,

मला अजून काढलेलं नाही. कारण सांगते, पण आधी वाईट बातमी. बायनाबाई पडल्या.

महिनाभर सगळं बरं चाललं होतं. भेग गवंड्यानं बुजवली. दिवाळीआधी एका सकाळी चहानंतर बायनाबाई 'चल' म्हणाल्या. मला नाही, आश्रुबाला. तो दारात लाकडं टाकत होता. त्यानं मला हाक मारली आणि मी गेले, तेव्हा त्यांनी मला हात धरू दिला. पण हाक त्याच्याकडंच राहिली. मी ते मान्य केलं आहे. पुढं आश्रुबानं त्यांच्या डाव्या हाताच्या उंचीची बाभळीची काठी करून दिली.

अठरा तारखेला मी दूध मोजून घ्यायला फाटकावर गेले होते. त्यांनी वाट बघितली नाही. उंबऱ्यात पाय अडकला. तोच आवाज, ताई. मी दुधाचं भांडं धरून तिथंच उभी राहिले आणि मला वाटलं, या खेपेला जर पाय हलले नाहीत तर मी माणूस नाही. मग धावले. खुबा शाबूत होता. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. परभणीला नेऊन पलस्तर केलं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेब ताडकळसहून मोटारसायकलवर आले. पन्नाशीचे, अंगानं दणकट, आल्या आल्या आईजवळ न जाता कचेरीत गेले. अनंतरावांनी मला बोलावलं.

"बांधून ठिवा म्हणून मी सही करून दिली होती," आबासाहेब म्हणाले. "सोडलं कुणी?"

अनंतराव माझ्याकडं बघत होते. नाव घ्यायचं त्यांनी माझ्यावरच सोडलं होतं.

"मी सोडलं," मी म्हणाले.

मला वाटलं ते हात उचलतील. पण ते खुर्चीत बसले आणि बोलायला लागले. लकव्यानंतर आई घरी दोनदा पडली. दुसऱ्या खेपेला सकाळी बाजेवर नव्हती, सगळं गाव शोधलं, ती विहिरीच्या काठाशी सापडली, अर्धं अंग चिखलात. त्या दिवसापासून वावरात काम करताना दर घटकेला त्यांना वाटायचं की आता कुणीतरी बोलवायला येईल. घास गिळत नव्हता. म्हणून इथं आणलं आणि बांधायला सांगितलं. पहिल्यांदा निवांत झोप लागली ती आईला बांधल्यावर.

मी त्यांना कॅलेंडरच्या वेळा सांगितल्या. त्या परसाकडं जायचं म्हणत होत्या, हे सांगितलं. विहिरीकडं त्या वेळी घरच्या बायांचा परसाकडचा आडोसा होता का, असं विचारलं. म्हणाले, होता.

मग पुन्हा ताठ झाले. "आता पुन्हा बांधा. न्हाईतर मी घेऊन जातो न् घरी बांधतो."

"त्यांना विचारा," मी म्हणाले.

"तिला बोलता येत न्हाई."

"ऐकू येतं."

आम्ही तिघं खोलीत गेलो. बायनाबाई बाजेवर बसल्या होत्या, पलस्तराचा हात मांडीवर. आबासाहेब समोर उभे राहिले. सही करून देणं वेगळं, ताई. त्यांनी तोंड उघडलं, "आई, तुला बांधून..." आणि पुढचं त्यांच्यानं बोलवेना. बायनाबाई लेकाकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मान हलवली, एकदाच, नाही म्हणून.

आबासाहेब बाजेच्या कडेला बसले. आईच्या डाव्या मनगटावर पांढरा वण राहिला आहे, तो त्यांना दिसला. त्यांनी तो अंगठ्यानं चोळून बघितला, डाग असल्यासारखा.

"पुन्हा पडली तर?" त्यांनी मला विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. म्हणाले, "पडतील. आम्ही जपू, तरीबी पडतील."

कचेरीत जाऊन त्यांनी कागदावर लिहून दिलं की आईला बांधू नये, पडल्यास आमची तक्रार नाही. त्याखाली मला सही करायला लावली की चालण्याची जबाबदारी सेविकेची. माझी सही वाकडी आली. अनंतरावांनी तो कागद दोनदा वाचला आणि कपाटात कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी दोघींच्या घरी पत्रं लिहिली, असाच कागद मिळेल का म्हणून. कागद असला की त्यांना धीर येतो. असू दे.

कावेरी


१८ जानेवारी १९९४
सेवाश्रम

अंबिकाताई,

हे पत्र दोन-चार दिवस पेटीतच राहील. विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाल्यापासून दगडफेकीच्या भीतीनं आमच्या रस्त्याला एस.टी. फिरकलेली नाही. मी बोरीहून चालत आले. मनकर्णा आलेली नाही. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतरावरून दंगली झाल्या, तेव्हा ती सोळा वर्षांची होती, तिच्या गावात त्यांच्या दलित वस्तीतली घरं पेटवली तेव्हा ती ज्वारीच्या पिकात लपून बसली होती. हे तिनं मला परवा सांगितलं, चार वर्षं शेजारी काम केल्यावर. मी तिला कधी विचारलंच नव्हतं. आश्रुबाला मी सकाळी तिच्याकडं पाठवलं, बरी आहे का बघून ये म्हणून. तो परत यायचा आहे. अनंतराव परभणीत अडकलेत. म्हणजे या घडीला चोवीस माणसं आणि मी.

तुमचा शेवटचा स्वाध्याय असा आहे, या वर्गात तुम्ही काय शिकलात ते एका पानात लिहा. मी अंगणात खाटेवर बसून तेच लिहायला घेतलं होतं.

मघाशी चहा झाला. बायनाबाईंनी काठी घेतली. मी उठले आणि नेहमीसारखा हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला. पुन्हा केला, पुन्हा सारला. मग काठीनं खाटेकडं दाखवलं, बस म्हणून. मी बसले आहे. त्या निघाल्या आहेत. मी लिहिते आहे, कारण हातात पेन नसेल तर मी उठेन.

दहा पावलं झाली. उजवं पाऊल अजून फरफटतं. वाटेत आश्रुबानं रचलेली लाकडं आहेत, ती आधी उचलायला हवी होती. त्या वळसा घालून गेल्या.

आता थांबल्यात. माझ्या कानात तो आवाज आधीच वाजायला लागलाय. अजून झालेला नाही आणि मला ऐकू येतोय. धावत गेले तर बारा पावलांत पोहोचेन. त्या नुसता श्वास घेतायत. पुन्हा चालायला लागल्या.

नळापाशी ओल आहे. काठी घसरली, सावरली. ताई, मला हे बघवत नाही. खाटेची दोरी मी डाव्या हातानं घट्ट धरली आहे.

पोहोचल्या. दाराला टेकल्या. काठी कोपऱ्यात उभी केली, दार ओढलं. आता आतून कडी लावली. मला इथवर ऐकू आली. पडल्या तर दार मोडावं लागेल, मोडायला इथं दुसरं कुणी नाही.

कडी लावल्याला बराच वेळ झाला. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग काही नाही.

अजून काही नाही.

हाक मारावी का? मी हाक मारली असती तर त्यांनी घाई केली असती. मी हाक मारलेली नाही.

कडी निघाली. त्या दारात उभ्या आहेत. लुगडं एका बाजूला खाली गेलंय, पाय ओले आहेत. ऊन तोंडावर आलंय म्हणून डोळे बारीक केलेत. माझ्याकडं बघत नाहीत, काठी शोधतायत. परतीची चाळीस पावलं आहेत.

मी उठलेले नाही.

कावेरी